मंगळवारची बस

[दृश्य: पहाट. जांबोटी रस्त्यावर धुकं. तिठ्यावर दोन माणसं पाठमोरी उभी.]

मंगळवार. सकाळचे पावणेसात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तिठ्यावर बस थांबते. पुढं आई, मागं माझा धाकटा भाऊ. कंडक्टर आईचं आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट तिच्या हातावर ठेवतो. भावाचं तिकीट मात्र काढावं लागतं. आईच्या काखेत साडीच्या दुकानातली एक जुनी पिशवी आहे. पाच वर्षांचे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, रेशन कार्डाची झेरॉक्स, सगळं तिच्यातच. आई शेतावर गेली तरी ही पिशवी कुठल्या खुंटीला आहे हे घरातल्या पोरांनाही माहीत असतं.

भावाला मनाचा आजार झाला, आणि ही पिशवी भरायला लागायच्या आधी आमची दोन वर्षं वाया गेली. ती कशी गेली, आणि आपल्या भागातल्या दुसऱ्या घराची जाऊ नयेत म्हणून काय करता येतं, ते सांगायचं आहे.

[दृश्य: परसातली विहीर, काजूची झाडं. संध्याकाळ.]

भाऊ तेव्हा बावीस वर्षांचा. गोव्यात हॉटेलात कामाला होता. पावसाळ्यात घरी आला तो गप्पच. झोप उडाली. रात्र रात्र परसात फेऱ्या घालायचा. भिंतीपलीकडं माणसं बसून माझ्याबद्दल बोलतात, म्हणायचा. भिंतीपलीकडं तर आमचा गोठा.

बाहेरचं काहीतरी असेल, असं सगळे म्हणाले. देवऋषी झाला, अंगारा झाला, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आलो. श्रद्धेनं गेलो, त्याची मला लाज नाही. आई आजही दरवर्षी जाते. पण त्या आठ महिन्यांत डॉक्टरलाही दाखवायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

मग सीमेपलीकडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. पलीकडंच का? तिथं मराठीत बोलता येईल म्हणून. फी पाचशे, गोळ्या महिन्याला अकराशेच्या घरात, आणि भाऊ बसमध्ये बसायला तयार नसायचा म्हणून गाडीचं भाडं वेगळं. आईची बोरमाळ गहाण पडली. चार महिन्यांत भाऊ माणसात आला. हसायला लागला, गुरं सोडायला लागला. गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे आम्हाला कुणी नीट समजावलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. बरा झाला असं वाटलं, हातात पैसेही उरले नव्हते. गोळ्या थांबवल्या. दीड महिन्यात दुखणं उलटलं, पहिल्यापेक्षा जोरात.

हे आमच्या एकट्याच्या घरातलं नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मनाच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. वेगवेगळ्या आजारांत शंभरातल्या सत्तर ते ब्याण्णव जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असं तीत दिसलं. ज्यांच्यापर्यंत पोचतात त्या घरांचा उपचार आणि प्रवास मिळून महिन्याचा खर्च साधारण हजार ते दीड हजार रुपये. रोजंदारीवरच्या घरात दर महिन्याला एवढे पैसे काढायचे, आणि तेही वर्षानुवर्षं, म्हणजे काय होतं ते आमच्या बोरमाळेला विचारा.

[दृश्य: तालुक्याचा सरकारी दवाखाना. बाकावर बसलेली माणसं. चेहरे न दाखवता, हात, चपला, पिशव्या.]

आम्हाला वाट दाखवली गावच्या आशाताईनं. ती पोलिओच्या डोसासाठी शेजारी आली होती. भावाला ओसरीवर बसलेला बघून आईला म्हणाली, "मावशी, कशाला एवढ्या लांब जाता? मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात यावरचे डॉक्टर येतात की. पैसे लागत नाहीत."

आमचा विश्वास बसला नाही. पण खरं होतं. कर्नाटकात २०१४ पासून 'मनोचैतन्य' नावाचा कार्यक्रम आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येऊन बसतात. तुमच्या तालुक्यात महिन्यातला कुठला मंगळवार, ते आधी दवाखान्यात किंवा आशाताईला विचारून घ्या, नाहीतर एक दिवसाची मजुरी फुकट जाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी फुकट आणि गोळ्याही तिथंच मिळतात.

या कार्यक्रमाची मुळं आपल्याच राज्यातली आहेत. १९८० च्या दशकात निम्हान्सनं बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग केला. आरोग्य केंद्रातल्या नेहमीच्याच डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला, औषध द्यायला शिकवलं. रोग्यानं शहराकडं धावण्याऐवजी उपचार गावाजवळ आणला. १९९६ मध्ये तोच नमुना धरून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बळ्ळारीत जमलं ते सगळ्या देशानं घेतलं, आणि खानापुरात बसून आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

आता भाषेचं सांगते, कारण आपल्या भागात खरी अडचण तिथं आहे.

दवाखान्यातला फलक कन्नड, केसपेपर कन्नड, नंबर पुकारतात तोही कन्नडमध्ये. पोटात दुखत असेल तर माणूस बोटानं दाखवू शकतो. भिंतीपलीकडचे आवाज बोटानं कसे दाखवणार? पहिल्या दिवशी आई नुसती उभी होती. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं. आईनं माझ्याकडं बघितलं, आणि मग बांध फुटावा तशी बोलली: "एकटाच बोलूलालाय बघा डॉक्टर. जेवूलाला नाही, झोपूलाला नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बेळगावातच शिकलेले होते. मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी भावाला विचारलं, "काय म्हणतात रे ते लोक तुला?" दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. आम्हीसुद्धा नाही. आम्ही फक्त 'तिथं कुणी नाही' एवढंच सांगत आलो होतो.

सगळीकडं असा डॉक्टर भेटेल असं नाही. म्हणून सोबत दोन्ही भाषा येणारं माणूस न्या. कॉलेजात जाणारी भाची चालते, ओळखीचा कंडक्टर चालतो. आणि रोग्याला काय होतं ते घरीच मराठीत कागदावर लिहून ठेवा: कधीपासून, झोप किती, जेवण किती, काय बोलतो, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या. तिथं गेल्यावर अर्ध्या गोष्टी आठवत नाहीत.

[दृश्य: आईचे हात. कागदी पाकीट. बॉलपेन.]

गोळ्यांच्या खिडकीत कागदी पाकिटं मिळाली. वर कन्नडमध्ये लिहिलेलं. कंपाउंडर वाचून दाखवायचा, "बेळिग्गे ओंदु, रात्रि ओंदु," म्हणजे सकाळी एक, रात्री एक. आईला त्यातलं 'रात्रि' तेवढं कळलं, तो शब्द दोन्हीकडं एकच. घरी आल्यावर तिनं माझ्याकडून पेन मागून घेतलं. एका पाकिटावर सूर्य काढला, एका पाकिटावर चंद्रकोर. आजही दर महिन्याला ती नवी पाकिटं घेऊन ओसरीवर बसते आणि चित्रं काढते. तेव्हापासून आमच्याकडं एक गोळी चुकलेली नाही.

[दृश्य: खानापूर रेल्वे स्टेशन. लोंड्याकडं जाणारी गाडी.]

तालुक्यात भागलं नाही तर पुढं काय? बेळगावात सिव्हिल आहे, म्हणजे बिम्सचं सरकारी इस्पितळ. नेहरूनगरात केएलईचं मोठं इस्पितळ आहे. दोन्हीकडं मानसोपचार विभाग आहे. आणि धारवाडला डिमहान्स. शाळेत आम्ही एकमेकांना चिडवायचो, 'याला धारवाडला पाठवा.' इंग्रजांच्या काळापासूनचं ते मनोरुग्णांचं इस्पितळ, आज तिथं डॉक्टर घडवणारी सरकारी संस्था आहे. भावाला तिथं तीन आठवडे ठेवलं तेव्हा मी त्या आवारात बसून होते, आणि शाळेतलं ते हसणं आठवून मान खाली जात होती. तिथं सगळी आपल्यासारखीच माणसं. कुणी गोकाकचं, कुणी अथणीचं, कुणी हल्याळचं. निपाणी-चिकोडीकडची माणसं कोल्हापूर-मिरजेला जातात, कारवारकडची गोव्यात बांबोळीला. ज्याला जे जवळ पडतं ते. फक्त जाण्यायेण्याचा हिशोब धरा. आईला मिळतं ते बायकांसाठीच्या 'शक्ती' योजनेचं फुकट तिकीट कर्नाटकच्या हद्दीतलं, पलीकडं दूरवर जायचं तर पैसे मोजावे लागतात. हा उपचार वर्षानुवर्षं चालतो. दर महिन्याला झेपेल तोच दवाखाना धरावा.

पैशाचं बोलू.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८ व्या कलमानं सरकारी व्यवस्थेकडून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडं कार्ड असो वा नसो, सरकारी संस्थेत हा उपचार फुकट मिळायला हवा. याच कायद्यानं मानसिक रोग्याला साखळीनं बांधायला बंदी केली. अजून कुठं कुठं बांधतात हे आपल्याला माहीत आहे.

दाखल करायची वेळ आली तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार आणि रेशन कार्ड लागतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ही योजना दाखल रोग्यासाठी आहे. दर महिन्याच्या तपासणीला आणि गोळ्यांना ती कामाला येत नाही, त्यासाठी सरकारी दवाखान्याची ती मंगळवारची खिडकीच खरी. खासगीत दाखल करणार असाल तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा, हा आजार इथं योजनेत बसतो का विचारा, आणि मगच सही करा. आमच्या ओळखीच्या एका घरानं सही आधी केली. बिल बघितल्यावर गाय विकली.

सीमेपलीकडचंही सांगितलं पाहिजे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, ५४ कोटींची तरतूद केली. कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. त्या वादावर मी इथं बोलत नाही. ज्याच्या घरात रात्रभर कुणीतरी फेऱ्या घालतंय, त्याला दोन्हीपैकी कुणाचं तरी दार उघडं मिळालं पाहिजे, एवढंच म्हणते. त्या योजनेतून जायचं असेल तरी आजार यादीत आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी तर हे ऐकाच. तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील तर तपासणी, गोळ्या, दाखल होणं, सगळं त्यात येतं, तुमचं आणि घरच्यांचंही. स्किझोफ्रेनियासारखा गंभीर आजार झाला आणि कामावर जाता येईना तर वाढीव आजारपण भत्ता आहे, पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. अट म्हणजे आधी दोन वर्षं नोकरी झालेली हवी. कितीतरी जण हे माहीत नसल्यानं राजीनामा देऊन घरी बसतात.

खासगी आरोग्य विमा असेल तर शरीराच्या आजाराला जसा, तसाच मनाच्या आजाराला विमा दिला पाहिजे, असं २०१७ च्या त्याच कायद्याचं २१ वं कलम सांगतं. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. विमा लोकपालाकडं तक्रार करायला पैसे लागत नाहीत.

आजार जुना झाला, काम होईनासं झालं, तर अपंगत्वाचा दाखला काढा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांमध्ये मानसिक आजारही आहे. ४० टक्के किंवा त्यावर भरलं तर पेन्शन आणि सवलतींसाठी अर्ज करता येतो. आईनं आधी नाही म्हटलं. 'पोराच्या नावावर शिक्का बसेल, लग्न होणार नाही.' मी तिच्याशी भांडले नाही. वर्षभरानं ती आपणहून म्हणाली, काढू या.

[दृश्य: तंबाखूचं शेत, निपाणीचा भाग. दुपार. आवाज फक्त वाऱ्याचा.]

आणखी एक. आपल्याकडं कुणी जीव द्यायला शेतीचं औषध प्यालं तर घरचे 'चुकून पोटात गेलं' असं सांगतात, पोलिसांच्या भीतीनं. त्यात वेळ जातो, डॉक्टरला खरं कळत नाही. अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, असं २०१७ चा कायदा सांगतो. त्याची काळजी घेणं, त्याला उपचार देणं हे सरकारचं काम आहे. खरं सांगा. लगेच सांगा. आणि बरा होऊन घरी आला की मंगळवारच्या त्या डॉक्टरांकडं घेऊन जा.

दवाखान्यापर्यंत जाववत नसेल, रात्री दोन वाजता जीव घाबराघुबरा होत असेल, तर टेली मानस आहे. नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट. मराठीतही बोलता येतं, फोन लागल्यावर आपली भाषा मागून घ्या.

[दृश्य: ओसरी. संध्याकाळ. आई, आणि समोर बसलेली एक बाई, पदर तोंडाला.]

भाऊ आता एका वीटभट्टीवर हिशोब लिहायला जातो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. 'लांबून येतात, रेडिओ शेजारच्या घरात लावल्यासारखे,' असं तो सांगतो. गोळ्या चालू आहेत.

गेल्या आठवड्यात वरच्या आळीतली एक काकी आमच्याकडं आली. तिची सून बाळंतपणानंतर बाळाकडं बघत नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर काकीनं हळूच विचारलं, "तुमचा तो मंगळवार, तो कुठला म्हणायचा?"

आईनं पिशवी खुंटीवरून काढली. आतून एक रिकामं पाकीट काढून तिच्यासमोर धरलं, बोट चंद्रकोरीवर ठेवलं. "हे रात्रीचं," म्हणाली. "सुनेला घेऊन साडेसहालाच तिठ्यावर ये. मी आहे बरोबर."