पैसा मार्चात संपतो, ऊन एप्रिलात येतं

नमस्कार मंडळी. दुपारची वेळ आहे, कूलरमध्ये पाणी टाकलं नसेल तर आधी टाकून या, मी तोवर काही महत्त्वाचं बोलत नाही.

आलात? बरं. आजचा विषय जरा कारकुनी वाटेल. हवामान बदलावर युनिव्हर्सिटी आणि वस्तीतले लोक मिळून जे संशोधन करतात, त्याला पैसा कुठून येतो आणि कसा येतो. रेडिओ बंद नका करू, यात एक आजी आहे.

तर झालं असं. नागपुरातलंच एक कॉलेज, नाव नाही सांगत, त्यांना उन्हाच्या अभ्यासासाठी छोटीशी ग्रँट मिळाली. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत बारा घरी डेटा लॉगर टांगायचे, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, ती दिवसरात्र तापमान नोंदवत राहते. ग्रँट मंजूर झाली ऑगस्टात. मग तीन कोटेशन मागवा, मग परचेस कमिटी, मग एक कोटेशन उशिरा आलं म्हणून पुन्हा कमिटी, असं करत करत डब्या वस्तीत पोचल्या फेब्रुवारी संपता संपता. मी रेकॉर्डिंगला गेलो तेव्हा मार्च अर्धा झाला होता, ऊन चांगलं अडतीसला टेकलं होतं, आणि प्रोजेक्टवाल्या मॅडम लॅपटॉपसमोर डोकं धरून बसल्या होत्या. अकरा घरांचे आकडे बरोबर आणि बाराव्या घरात भर दुपारी एकवीस डिग्री! टिनाच्या घरात! मॅडम म्हणाल्या डबी खराब आली, आता बदलून घ्यायची तर पुन्हा कमिटी.

आम्ही गेलो त्या घरी. मी, मॅडम आणि त्यांची एमएस्सीची एक पोरगी. आजी दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. डबी भिंतीवर नाही. पोरीनं विचारलं, आजी, मशीन कुठाय? आजी म्हणे, "माठाखाली हाय ना. टिनाखाली तापून राहिली होती बिचारी, म्हनून ओलं फडकं गुंडाळलं अन् तिथं ठेवली. दिवसातून तीनदा ओलं करतो मी ते."

मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा होता. आधी पांढरा पडला, मग त्या एकदम हसायलाच लागल्या. म्हणाल्या, आजी, तुम्ही वेट बल्ब थर्मामीटर केला हो! हवामानवाले मुद्दाम असंच करतात म्हणे, थर्मामीटरच्या बुडाला ओलं मलमल बांधतात, आणि साध्या थर्मामीटरपेक्षा तो किती खाली उतरतो त्यावरून हवेतली आर्द्रता काढतात. आपला कूलर चालतो तो याच गोष्टीवर. हवा कोरडी तर पाणी भराभर उडतं, गार वाटतं. आणि जूनमध्ये पाऊस यायच्या आधी जो चिकचिक उकाडा होतो, तेव्हा कूलर नुसता आवाज करतो, कारण पाणी उडतच नाही. अंगावरचा घामही उडत नाही. म्हणून तेव्हा पारा थोडा खाली असला तरी जीव जास्त घाबरा होतो. हे तुम्हाला माहीतच आहे, मी फक्त विज्ञानाचा शिक्का मारला.

पण गोष्ट इथं संपत नाही. पोरीनं आजीला समजावलं की आम्हाला घर किती तापतं ते पाहायचं आहे. तर आजी म्हणे, "मंग टिनवाल्याच्याच घरी काहून टांगल्या साऱ्या? टिन दुपारी जाळते, हाव, पन दुपारी आम्ही लिंबाखाली राहतो. रात्री टिन लवकर निवते. तो समोरचा स्लॅबवाला पाहा, पक्कं घर बांधलं, अन् रात्री एक वाजेलोक आंगनात बसून राहते बापा. त्याच्या घरी टांगा ना."

ऐकलंत? स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. शरीराला उन्हातून सावरायला रात्रीचा गारवा लागतो, आणि नेमका तोच पक्क्या घरात मिळत नाही. बारा डब्या टिनाखाली टांगल्या, कारण कॉलेजात बसून वाटलं की गरम घर म्हणजे टिनाचं घर. (आपले सिमेंट रोडही हेच करतात हं. मी कितीदा बोललो आहे यावर, लोक मला हसतात. रात्री दहाला त्या रोडवर चप्पल काढून उभं राहून पाहा. आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट कोण ओततं हो? असो.)

मग मॅडमनी सहा डब्या स्लॅबच्या घरी हलवल्या. आजीचं नातवंड वहीत लिहायला लागलं, रात्री कोण किती वाजता झोपलं. आता खरा अभ्यास सुरू झाला होता.

आणि ३१ मार्च आला.

आर्थिक वर्ष संपलं. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा कुठे खर्च झाला त्याचा दाखला, द्यायचा, डब्या गोळा करायच्या, डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या वहीत, चढवायच्या, कपाटाला कुलूप. पैसा मार्चात संपतो, ऊन एप्रिलात येतं. पुन्हा सांगतो, लिहून घ्या वाटलं तर, पैसा मार्चात संपतो आणि ऊन एप्रिलात येतं. त्या वर्षीचा नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, कपाटातल्या डब्यांनी पाहिला.

वेळ कमी राहिला, आता मुद्द्याचं पटकन. पैसा नाही असं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामाला लावायचे, यालाच सीएसआर म्हणतात, त्यात पर्यावरण आहे, सरकारी युनिव्हर्सिटीतलं संशोधनही बसतं. २०२३ मध्ये कायदा करून अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे संशोधनाला पैसा देणारी संस्था, काढलं, तेव्हा ५ वर्षांत ५०,००० कोटींची गोष्ट झाली, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून आणायचा असं ठरलं. तर पैसा आहे. पण प्रोजेक्टचं बजेट उघडा, उपकरणं, प्रवास, कॉन्फरन्स, ओव्हरहेड म्हणजे संस्थेचा वरखर्च. वस्तीचा कॉलम कुठाय? आजीच्या नातवंडाला दोन आठवडे वही लिहिल्याचे काय मिळाले, एक पेन आणि समोसा. मॅडमनी स्वतःच्या पर्समधून दिला तोही.

अहमदाबादला पाहा. २०१० च्या मे महिन्यात तिथे उन्हाच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेच्या वर जास्त लोक दगावले. मग महानगरपालिका आणि गांधीनगरची सार्वजनिक आरोग्याची संस्था एकत्र आली, झोपडपट्ट्यांत घरोघरी पाहणी झाली, आणि २०१३ मध्ये उष्माघात टाळायची योजना लागू झाली, देशातली पहिली. आधी विचारलं, मग योजना लिहिली.

कोणी म्हणेल, वस्तीच्या वहीवर भरवसा काय ठेवायचा. अहो, २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरात एका ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ डिग्री दाखवलं होतं, आठवतं? व्हॉट्सअ‍ॅपवर किती फिरलं ते. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. मशीनही चुकते, आजीही फडकं गुंडाळते. चूक सापडते ती शेजारच्या आकड्याशी ताडल्यावर, आणि शेजारी आकडा असायला तिथे डबी हवी, मे महिन्यात हवी, तीन वर्षं ओळीनं हवी. म्हणून ग्रँट देणाऱ्यांना, आणि कंपनीत सीएसआर पाहणारं कोणी ऐकत असेल तर त्यांनाही, माझं एवढंच मागणं आहे की वर्ष उन्हाळ्यापासून मोजा आणि वहीवाल्याचं मानधन पहिल्या पानावर टाका, शेवटच्या नाही.

आजीकडे मी मागच्या महिन्यात परत गेलो होतो. वही अजून आहे, शेवटची नोंद ३१ मार्चचीच. माठाखालचं फडकं मात्र ओलं होतं. म्हटलं, आजी, आता काय ठेवता त्यात? तर आजीनं फडकं उलगडलं, आत टोमॅटो.

पुढच्या रविवारी याच वेळी, संत्र्याच्या आंबिया बहारावर बोलू.