पाटी बदलली, किक तीच

मंडळी, १९७३ साली दोन पाट्या बदलल्या. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, आणि त्याच साली म्हैसुरात तयार होणाऱ्या जावा मोटरसायकलची येझदी झाली. पहिल्या पाटीवर बेळगावात बोलायला लागलो तर रात्र पुरायची नाही. आज दुसरीवरच बोलतो.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ साली संस्थापक यानेचेक आणि जर्मन कंपनी वाँडरर या दोन नावांची तोंडं जोडून हे नाव झालं. त्यामुळे खरा उच्चार 'यावा'. तिकडचा 'यावा' आपल्याकडे पोचेपर्यंत 'जावा' झाला, एवढंच. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६१ मध्ये म्हैसुरात कारखाना उभा केला. जावाशी असलेला करार सरल्यावर टाकीवरचं नाव बदललं; 'येझदी' आलं ते इराणातल्या यझ्द शहरावरून.

पण यंत्र? २४८ सीसीचं, एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, बारा अश्वशक्तीच्या आसपास. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, म्हणून नवखा माणूस हमखास फसायचा. डाव्या पायाशी एकच लिव्हर. आत दाबून वर फिरवली की किक, सुरू झाल्यावर खाली आणली की तोच गिअर. गिअर टाकताना पायानंच क्लचही सुटायचा. हाताचा क्लच फक्त निघताना धरायचा. हे डोकं ज्याचं होतं त्याला माझा नमस्कार. किल्लीच्या बाबतीत मात्र त्यानं डोकं वापरलेलं दिसत नाही, कारण खिळ्यानंही काम भागायचं.

खरा बदल १९७८ च्या रोडकिंगनं केला: सोळा अश्वशक्ती. ऑईलकिंग हेही येझदीचंच एक मॉडेल. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं, आणि ते कमी पडलं की चोर्ला घाटात पिस्टन चिकटलाच म्हणून समजा. ऑईलकिंगमध्ये ऑईलची टाकी वेगळी, पंप वेगळा. मिसळायची कटकट संपली. विचार बरोबर होता, पण आपल्या मिस्त्रींचा त्या पंपावर भरवसा बसेना. पंप बंद पडला तर चालवणाऱ्याला कळणार कसं? मग पंप काढून ठेवायचा आणि मापानं ऑईल पुन्हा पेट्रोलमध्ये. मला तर यात मिस्त्रीच शहाणे वाटतात. ते मॉडेल फार दिवस टिकलंही नाही.

१९८५ पासून शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. धूर नाही, पेट्रोल निम्मं. १९९६ ला म्हैसूरचा कारखाना बंद पडला. गाड्या मात्र राहिल्या. सिलिंडर झिजला की बोअर करून, म्हणजे आतून कापून रुंद करून, मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा, आणि लेथवाल्यांची आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कधी वाण नव्हती. सायलेन्सरमधला कार्बन विस्तवावर जाळून काढायचा, हेही सगळ्यांना ठाऊक.

माझी खाली उभी आहे. लिव्हर कशी फिरते ते बघायचं असेल तर चला. किक मात्र मीच मारीन.