कु-रिंग-गाईचं जंगल आणि खडकावरची माणसं

नमस्कार श्रोतेहो, कसे आहात सगळे? आज बोलूया आपल्या सिडनीच्या उत्तरेच्या जंगलाबद्दल, कु-रिंग-गाई चेस नॅशनल पार्क. सिटीपासून साधारण २५ किलोमीटर, आपल्यातले कितीतरी जण बॉबिन हेडला डबे घेऊन पिकनिकला जातात, मुलं खेळतात, फोटो होतात आणि परत. पण त्याच पार्कात साडेतीनशेच्या वर ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, जागांची नोंद झालेली आहे, आणि त्यातली एकही न बघता आपण घरी येतो ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

पार्क १८९४ साली राखीव झालं, म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वर झाली, पण तिथली माणसं हजारो वर्षांपासूनची, ब्रोकन बे आणि पिटवॉटरच्या ह्या किनाऱ्यावर गॅरिगल लोक राहायचे. बायका झाडाच्या सालीच्या होडीत बसून शिंपल्याचे गळ लावून मासे धरायच्या, कालवं आणि शिंपल्या खाऊन उरलेल्या कवचांचे ढीग साचत गेले, त्याला मिडन म्हणतात, आणि पुढे इंग्रज आले तेव्हा सिडनीतल्या पहिल्या बिल्डिंगांना चुना हवा होता तर त्यांनी अशाच मिडनमधली कवचं भाजून चुना केला. हजारो वर्षांच्या जेवणाच्या खुणा भिंतींत गेल्या हो!

आता त्यांनी खडकावर केलेल्या चित्रांकडे येते. पार्कातल्या वेस्ट हेड रोडवरून बेसिन ट्रॅक सुटतो, त्यावर थोडं चाललं की सपाट सँडस्टोनवर कोरलेले वॉलाबी, मासे, माणसं दिसतात. टणक दगडाच्या टोकाने आधी बाह्यरेषेवर एकेक खळगा पाडायचा आणि मग ते खळगे घासून जोडायचे, अशी ती रेघ तयार व्हायची. आपल्या रत्नागिरीकडची कातळशिल्पं ज्यांनी बघितलीत त्यांना लगेच ओळखीचं वाटेल. आणि जवळच रेड हँड्स ट्रॅकवर कपारीत हातांचे ठसे आहेत, हात खडकावर ठेवून तोंडाने गेरूचं पाणी फुंकायचं, हात काढला की त्याचा आकार मागे राहतो. कुणाचा तरी खरा हात आहे तो, बोटं मोजता येतात.

मग ही माणसं गेली कुठे? मार्च १७८८ मध्ये इंग्रज वसाहतीचा पहिला गव्हर्नर फिलिप बोटीने ब्रोकन बेला आला, आणि वर्षभरात, १७८९ मध्ये देवीची साथ आली. बेनेलाँग नावाच्या तिथल्याच एका ॲबोरिजिनल माणसाने फिलिपला सांगितलं होतं की सिडनीच्या आसपासची निम्मी माणसं त्यात गेली. निम्मी! पण सगळी नाही, हे नीट ऐका. ह्याच ब्रोकन बेचा बंगारी पुढे मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजावरून १८०२-०३ मध्ये अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घालून आला, वाटेत किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलणी करायला तोच पुढे व्हायचा. आपल्या शाळेतल्या मुलांना फ्लिंडर्स माहिती असतो, बंगारीचं नाव त्यांना घरी तुम्ही सांगा. आणि त्या लोकांचे वंशज आजही सिडनीत आहेत, त्यांच्यासाठी ह्या जागा जिवंत आहेत, म्हणून आपण तिथे पाहुण्यासारखं वागायचं.

म्हणजे काय, तर कोरीव रेघांवर पाय ठेवायचा नाही, बूट घासले की सँडस्टोन झिजतो. रेघ नीट दिसावी म्हणून पाणी ओतणं, खडूने गिरवणं तर अजिबातच नको. भर दुपारी गेलात तर काही दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल, हे काय, नुसता खडक, म्हणून सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना जा, तिरक्या उजेडात सावली पडते आणि आकृती वर येते. फक्त वेस्ट हेडचं गेट संध्याकाळी बंद होतं, वेळ आधी ऑनलाइन बघून घ्या. गाडी नसेल तर पाम बीचहून बेसिनला फेरी जाते, तिथून चढ चढून वर कोरीव चित्रांपाशी यायचं, आजीआजोबा बरोबर असतील तर मात्र गाडीनेच या, चढ दमवणारा आहे, आणि पाणी भरपूर घ्या.