मुंबई ते लंडन: किती लांब, किती तास?

नमस्कार श्रोतेहो.

माझा भाचा शिकायला लंडनला निघाला, तेव्हा माझ्या आईनं त्याचं तिकीट चष्मा लावून नीट वाचलं. जानेवारीतली गोष्ट. मुंबईहून पहाटे दोनला निघायचं, लंडनला सकाळी सातला पोचायचं. "पाचच तास? कोकणात जायला याहून जास्त लागतात!" आईच्या जिवावरचं ओझंच उतरलं.

पण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे. तेवढे मिळवले की होतात साडेदहा तास. मार्चअखेर ते लोक घड्याळं तासभर पुढे करतात. मग ऑक्टोबरअखेरपर्यंत फरक साडेचार तासांचाच राहतो.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ बगदाद, इस्तंबूलच्या बाजूनं जाते. पण घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई ते लंडन एक दोरा ताणून धरा. तो आणखी उत्तरेकडे सरकतो: बलुचिस्तान, इराण, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी. हीच खरी जवळची वाट, सुमारे ७,२०० किलोमीटरची. ताशी ९०० किलोमीटरनं उडणाऱ्या विमानाला आठ तास पुरावेत.

पुरत नाहीत, कारण आकाशातल्या वाटाही बंद होतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपल्या हद्दीतून मनाई केली. दोऱ्याची वाट अशी जागोजागी तुटते, विमान वळसा घेतं. ज्यांची मुलं त्या विमानात असतात, त्यांना लांबच्या युद्धाची बातमी लांबची वाटत नाही.

दुसरं कारण वारा. दहा-एक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लंडनला जाताना वारा तोंडावर, परतताना पाठीशी. म्हणून येतानाचा प्रवास बहुधा तास-दीड तासानं कमी, नऊ तासांच्या आसपास.

तरी १९४८ साल आठवून पाहा. ८ जूनला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला पोचलं. एअर इंडियाची ती पहिली युरोपवारी!

भाचा हिवाळ्यातच परत यायचा होता, तेव्हा आई वही घेऊन बसली. लंडनहून रात्री साडेनऊला निघणार, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. घड्याळांत फरक साडेचौदा तासांचा, त्यातून साडेपाच वजा, नऊ तास. हिशेब बरोबर होता. मग तिनं विचारलं, "आणायला जायचं तेव्हा यात काय मिळवू?"

काहीच नाही, आई. ते बारा आपलेच. फक्त वारा पाठीशी असला तर विमान लवकर उतरतं, तेव्हा घरातून जरा आधीच निघू.