नाव तुमचं, मग नोंदणी कुणाच्या हातात?

मंडळी, मला दिलेला विषय आहे 'नव्या ब्लॉगसाठी डोमेन नेम, म्हणजे इंटरनेटवरचं पत्त्याचं नाव, कसं निवडावं'. निवडीबद्दल बोलूच, पण माझा जास्त भर नोंदणीवर असेल. लोक नाव सुचावं म्हणून महिनाभर डोकं खपवतात, घरादाराची मतं घेतात, आणि नोंदणी मात्र पाच मिनिटांत उरकतात. तीही बरेचदा भाच्याच्या खात्यातून, नाहीतर वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यातून. नाव थोडं डावं-उजवं असलं तरी निभावतं. नोंदणी भलत्याच्या हातात असली, तर दहा वर्षांचं लेखन एका सकाळी वाचकांना सापडेनासं होतं.

गूगलच्या ब्लॉगर या सेवेत ब्लॉगस्पॉटचा पत्ता फुकट मिळत असताना स्वतःचं नाव कशाला, असं काहींच्या मनात येईल. मराठीतले कितीतरी चांगले ब्लॉग तिथंच सुरू झाले हे खरंच आहे. पण ब्लॉगस्पॉट डॉट इनचं काय झालं ते ऐका. २०१२ पासून भारतातून तिथला कुठलाही ब्लॉग उघडला, की पत्त्याच्या शेवटचं डॉट कॉम जाऊन आपोआप डॉट इन यायचं. वाचक तोच पत्ता उचलून मित्रांना पाठवायचे, फेसबुकवर टाकायचे. दुसरे ब्लॉगवाले आपल्या लेखात संदर्भ म्हणून तोच द्यायचे. २०१८ मध्ये गूगलनं ही वळवावळवी थांबवली. आणि २०२० च्या मध्यावर ब्लॉगस्पॉट डॉट इन हे नाव गूगलच्या हातून निसटून दुसऱ्याच कुणाच्या नावावर नोंदलं गेलं. डॉट इनचे जुने दुवे एका फटक्यात निकामी झाले. लेख जागच्या जागी होते, डॉट कॉमनं गेलं तर उघडतही होते. पण हे वाचकाला कोण सांगणार? त्याला वाटलं, ब्लॉग बंद पडला. ज्यांनी मनापासून लिहिलं त्यांची यात काडीचीही चूक नव्हती, आणि त्यांना करता येण्यासारखंही काही नव्हतं, कारण पत्ता त्यांचा नव्हताच. त्याआधी २००९ मध्ये याहूनं जिओसिटीज ही फुकट वेबपानं उभी करायची सेवा बंद केली तेव्हाही लोकांनी हौसेनं उभी केलेली असंख्य पानं पत्त्यासकट गेली.

नाव स्वतःचं असेल, तर आज ब्लॉगर, उद्या वर्डप्रेस, परवा आणखी काही, वाचकासाठी पत्ता तोच राहतो. सुरुवात करायला ब्लॉगर सोडावंही लागत नाही. सेटिंगमध्ये कस्टम डोमेन, म्हणजे स्वतःचं नाव, टाकायची सोय आहे. ब्लॉगर तुम्हाला दोन सीनेम नोंदी (एक नाव दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या ओळी) देतं, त्या तुमच्या डोमेनच्या डीएनएस पानावर, म्हणजे नाव कुठं न्यायचं ते ठरवणाऱ्या पानावर, जशाच्या तशा भरायच्या. काही तासांत नवा पत्ता चालू होतो आणि जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर येणारा माणूस आपोआप नव्याकडे जातो. ब्लॉगर यासाठी पैसे घेत नाही. खर्च फक्त डोमेनचा.

आता नाव. आपली अडचण इंग्रजी ब्लॉगवाल्यापेक्षा वेगळी आहे. नाव मराठीत सुचतं आणि पत्ता रोमन अक्षरांत टाकायचा असतो. समजा, 'पाऊलवाट' आवडलं. सुरुवातीला एक 'ए' की दोन? 'वा'साठी व्ही की डब्ल्यू? आणि पी-ए-यू-एल असं लिहिलंत, तर परप्रांतातला माणूस ते पॉल म्हणून वाचणार. 'मनातलं' घ्या. 'ना' आणि 'त'नंतर एकेक ए द्यायचा की नाही, शेवटी ए की ई, यावर चार माणसं चार स्पेलिंगं करतील. म्हणून नाव पक्कं करण्याआधी ते फोनवरून कुणाला तरी सांगा. स्पेलिंग सांगू नका, फक्त नाव सांगा, आणि त्यांना टाइप करून पाठवायला लावा. तिघांनी तीन तऱ्हेनं लिहिलं, तर ते नाव ब्लॉगच्या मथळ्यासाठी ठेवा आणि पत्त्यासाठी दुसरं बघा. ज्या शब्दात ळ नाही, व नाही, झ नाही आणि दीर्घ स्वर कमी आहेत, तो रोमनमध्ये कमी त्रास देतो. 'रानफूल'पेक्षा 'रिमझिम' सोपं, असं मला वाटायचं, पण त्यातही झ आलाच. शोधायला वेळ लागतो, तो द्यावा. मध्ये आडवी रेघ किंवा आकडा घालून हवं ते नाव मिळवण्याचा मोह मात्र टाळा, कारण बोलताना ती रेघ प्रत्येक वेळी समजावून सांगावी लागते. नियमाप्रमाणे एका नावात ६३ अक्षरं बसतात, म्हणून कुणी तेवढी वापरू नयेत.

कुणाच्या चालत्या नावाशी मिळतंजुळतं नावही नको. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे, की डोमेन नेमलाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं. तिथं 'सिफी' आणि 'सिफ्फी' एवढाच फरक होता.

पत्त्याचं शेपूट, म्हणजे शेवटचं डॉट कॉम, डॉट इन वगैरे, कुठलं घ्यावं, हा प्रश्न हमखास येतो. डॉट इन आज कुणालाही मिळतं, पण कायम तसं नव्हतं. पूर्वी त्याचं काम मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होतं, नियम कडक होते, आणि १९९२ ते २००४ एवढ्या वर्षांत सुमारे सात हजारच नावं नोंदली गेली. २००५ मध्ये निक्सीनं, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियानं, दार सगळ्यांसाठी उघडलं. माझं मत विचाराल, तर मराठी वाचकांसाठी लिहिणाऱ्यानं डॉट कॉम आणि डॉट इन यांतलं जे स्वच्छ स्पेलिंगनं मिळेल ते घ्यावं, परवडत असेल तर दोन्ही.

आणि डॉट भारत? देवनागरीतलं हे शेपूट २०१४ मध्ये सुरू झालं, हिंदीबरोबर मराठी आणि कोकणीसाठीही. आपल्या लिपीत आपला पत्ता, याचा मला मनापासून आनंद आहे. ते घ्यावं असंही मी म्हणेन. पण एकटं नको. पत्त्यांची यंत्रणा आतून अजूनही रोमन अक्षरांवरच चालते, त्यामुळे देवनागरी नावाचं रूपांतर होतं. 'भारत' एवढं लिहिलं तरी यंत्राला ते एक्स-एन, दोन आडव्या रेघा आणि पुढं एच-२-बी-आर-जे-९-सी असं दिसतं. बऱ्याच ठिकाणी दुवा चिकटवला, की हेच रूप बाहेर पडतं, आणि वाचकाला वाटतं, काहीतरी व्हायरस आहे. त्या नावाचा ईमेलही पुष्कळ फॉर्म घेत नाहीत. म्हणून मुख्य पत्ता रोमन ठेवा आणि देवनागरी नाव त्याच्याकडे वळवा.

आता नोंदणी. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी, ते तुमच्या नावावर राहतं. त्या मुदतीत ते कुणाचं, हे ठरतं 'रजिस्ट्रंट' (नोंदणीधारक) या रकान्यात काय लिहिलं आहे त्यावरून. जमिनीला जसा सातबारा, तसा हा रकाना. पैसे तुम्ही दिलेत, डिझाइन तुम्ही करून घेतलंत, लेख तुमचे आहेत, पण त्या रकान्यात डिझाइनरचं नाव आणि ईमेल असेल, तर रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, त्याचंच ऐकणार. त्याच्याशी बिनसलं, त्यानं धंदा बंद केला, नंबर बदलला, की तुम्ही अडकलात. तेव्हा खातं स्वतः उघडा. ईमेल स्वतःचा, मोबाइल स्वतःचा, टू-स्टेप लॉगिन चालू. डिझाइनरला नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांभाळणारे संगणक) बदलायचे असतील, तर तो शेजारी बसलेला असताना तुम्ही बदला.

एक बारीक गोष्ट. हा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं, तर सूचना येणारा पत्ताही त्याच्याबरोबर बंद पडतो. नोंदणी झाल्यावर पडताळणीचा ईमेल येतो, त्यातला दुवा पंधरा दिवसांच्या आत दाबावा लागतो, नाहीतर डॉट कॉमसारखं नाव स्थगित होतं. तो स्पॅममध्ये पडलेला असतो, म्हणून मुद्दाम शोधा. पत्ता, नाव खरंच द्या. उद्या मालकी सिद्ध करायची वेळ आली, तर तेवढाच आधार असतो.

किमतीकडे बघताना पहिल्या वर्षाचा मोठ्या अक्षरातला आकडा सोडून द्या, नूतनीकरणाचा आकडा शोधा. पहिलं वर्ष शंभर-दोनशे रुपयांत देणारे दुसऱ्या वर्षी कितीतरी पट मागतात. फसवणूक नाही ती, छापलेलंच असतं, पण खाली आणि बारीक. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचं, तर नोंदणीनंतर साठ दिवस सहसा थांबावं लागतं, आणि मग ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायची परवानगी देणारा सांकेतिक शब्द, मागून घ्यायचा.

मुदत संपली की काय होतं, ते नीट समजून घ्या. साइट बंद पडू शकते. डॉट कॉमच्या बाबतीत पुढं जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस नेहमीच्या दरात नाव परत मिळण्याची संधी असते, पण ती रजिस्ट्रारवर अवलंबून. त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून. मग पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी ते जगात कुणालाही मिळतं. अशी सुटलेली नावं टिपायला सॉफ्टवेअर लावून बसलेले लोक आहेत. तुमच्या नावाकडे येणारे जुने दुवे त्यांना हवे असतात, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या कवितांच्या जागी जुगाराच्या जाहिराती दिसतात. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी हॉटमेलच्या लॉगिनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली होती आणि हॉटमेलवाल्यांना लॉगिन होईना. शेवटी बाहेरच्या एका प्रोग्रामरनं स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले.

'ऑटो रिन्यू लावलंय' म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डवरच्या आपोआप कपातीचे नियम कडक झाले आणि परदेशी रजिस्ट्रारकडची कपात अनेकदा होतच नाही. जमेल तर तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरा आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीचा गजर लावा. नोंदणीनंतर 'वेबसाइट बनवायची का' असे फोन येतील, ते बंद करून टाका. 'तुमचं नाव चीनमध्ये दुसरी कंपनी नोंदवते आहे, ताबडतोब पैसे भरा' असा ईमेलही येईल. तोही उडवा. नूतनीकरणाचे पैसे फक्त स्वतःच्या खात्यात लॉगिन करून भरा, ईमेलमधल्या दुव्यावरून कधीच नाही.

शेवटचा मुद्दा ज्येष्ठ मंडळींसाठी, आणि तो मला सगळ्यांत जवळचा आहे. मराठीत निवृत्तीनंतर ब्लॉग सुरू करून गावाचा इतिहास, जुनी गाणी, शेतीतले अनुभव लिहिणारे खूप आहेत. असा माणूस गेला, की पुढच्या नूतनीकरणाला पैसे भरणारं कुणी नसतं, आणि दुसरीकडे कुठंही न छापलेलं लेखन पत्त्यासकट जातं. रजिस्ट्रारचं नाव, खात्याचा ईमेल आणि मुदतीची तारीख एका कागदावर लिहून बँकेच्या आणि विम्याच्या कागदांत ठेवा, आणि मुलांना सांगा. ज्यांच्या घरात वडिलांचा किंवा आजीचा असा ब्लॉग मागे राहिला आहे, त्यांनी आधी नूतनीकरण करून टाकावं. पैसे भरून घेताना मालकीचा दाखला सहसा कुणी मागत नाही. नाव बदलण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद वगैरे रजिस्ट्रार मागेल, त्याला वेळ लागेल. ते सावकाश करता येतं. मुदत मात्र थांबत नाही.