ओक उन्हानं मेला? आधी पावसाला विचारा

(पान कॅमेऱ्याजवळ धरून)

हे पान बघा. चुरगाळलं की थेट तमालपत्राचा वास, फक्त कितीतरी उग्र. हा कॅलिफोर्नियाचा बे लॉरेल, आपल्या तमालपत्राच्याच कुळातला. आता टोक बघा. काळपट तपकिरी, चहात बुडवून काढल्यासारखं. पावसाचं पाणी ओघळून टोकाशी साचतं, म्हणून डागही तिथंच. बेला त्याचं काही सोयरसुतक नाही. मरतं ते शेजारचं ओकचं झाड.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन काउंटीत, 1990च्या दशकाच्या मध्यावर ओक आणि त्याचा नातलग टॅनओक वाळायला लागले. 2000 साली गुन्हेगार सापडला: फायटोफ्थोरा रॅमोरम नावाचा सूक्ष्मजीव. दिसतो बुरशीसारखा, नातं मात्र समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी. कोकण-गोव्यातल्या बागायतदारांना हे घराणं नवीन नाही. भर पावसात सुपारी गळवणारा कोळेरोग याच फायटोफ्थोरांचा.

या रॅमोरमचे बीजाणू चक्क पोहतात, दोन शेपट्या हलवत! म्हणजे पान बराच वेळ ओलं हवं. इथला, कॅलिफोर्नियातला पाऊस हिवाळ्यातला. तो लांबला, वसंतातल्या ऊबदार हवेतही पडत राहिला, की बेच्या पानांवर बीजाणूंचं पीक येतं आणि शिंतोड्यांबरोबर ओकच्या खोडावर उतरतं.

पण ओक लगेच मरत नाही, आणि इथंच सगळे फसतात. सालीखाली रोग पसरत राहतो. खोडावर गडद तांबूस रस झिरपतो. पाणी वर नेणारी वाट हळूहळू बंद होते, तरी जमिनीत ओल आहे तोवर झाड तगतं. मग येतं कोरडं वर्ष. उन्हात पानं जास्त पाणी मागतात आणि नेमका तेव्हाच पुरवठा तोकडा. बघता बघता अख्खा डोलारा तपकिरी. लोक म्हणतात, दुष्काळानं गेला. अहो, लागण त्याआधीच्या ओल्या वर्षात झालेली असते!

2012 ते 2016च्या दुष्काळात नवी लागण कमी झाली होती. पण रोग बेच्या पानांत दबा धरून होता. 2017च्या धो धो पावसानंतर पुन्हा उचल खाल्ली. आता हवामान बदलानं ओली वर्षं जास्त ओली, कोरडी जास्त कोरडी होताहेत. या रोगाला एक लागण करायला लागतं, दुसरं झाड पाडायला.

चला, बूट घासतो. चिखलाबरोबरही हा पुढच्या टेकडीवर जातो. पान इथंच टाकलं. तुम्हीही आमटीसाठी खिशात घालू नका. रोग घरी न्याल, आणि आमटी बिघडेल ती वेगळीच.