गच्चीवरची वीज, गल्लीतली तार

(गच्ची, पहाट. रबरी पाइप, लांब दांड्याचा वायपर.)

सकाळचे साडेसहा. चेंबूरमधल्या एका सात मजली सोसायटीची गच्ची. सौर पॅनेल धुवायची ती आत्ताच, ऊन चढायच्या आधी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नसतं. कबुतरांची शीट नुसत्या पाण्याने निघत नाही, ती आधी भिजत ठेवायची आणि मग वायपर फिरवायचा. तिच्याखाली पिठासारखी करडी धूळ असते, समोरच्या पुनर्विकासातून उडून आलेली. ही पॅनेल माळेसारखी एकाला एक जोडलेली असतात. एकावर घाण राहिली, की अख्ख्या माळेची वीज घटते.

पूर्वी मे महिन्यात या गच्चीवर कुरडया वाळायच्या. आता त्याच उन्हावर लिफ्ट चालते.

(पॅनेलांच्या ओळी. पाइपातून खाली उतरणारी वायर.)

संच 20 किलोवॉटचा. किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते, आणि वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॉट दिवसाला 4 युनिटच्या आसपास वीज देतो. म्हणजे या गच्चीवर रोज 80 युनिट पिकतात. मे महिन्यात भरभरून, जुलैत हात राखून. पाण्याचा पंप, दोन्ही लिफ्ट, जिन्यातले आणि आवारातले दिवे, सगळं यावर. मेंटेनन्सच्या हिशेबात हाच खर्च डोळ्यांत खुपायचा, असं सोसायटीचे खजिनदार काका सांगतात.

या वायरीच्या मागोमाग आपण खाली जाऊ.

(मीटर रूम. खडूने लिहिलेले फ्लॅट नंबर. एका मीटरवर कॅमेरा स्थिर.)

जिन्याखालची मीटर रूम. सगळ्या मीटरांत हा एक वेगळा आहे. हा दोन आकडे ठेवतो. बाहेरून आत किती आली आणि आतून बाहेर किती गेली. रविवारची दुपार घ्या. टाकी भरून पंप बंद झालेला, लिफ्टला गर्दी नाही, वर ऊन मात्र पूर्ण. त्या दोन-तीन तासांत ही इमारत वीज घेत नाही, देते. दिलेली वीज फार लांब जात नाही. शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी एसी चालू असतो, तिथेच ती खपते.

याला नेट मीटरिंग म्हणतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने त्याचे नियम 2015 मध्ये केले आणि 2019 मध्ये नव्याने आणले. दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा होतात, उरलेल्याचं बिल येतं. कागदावर इतकं सोपं.

(गल्लीचं टोक. जाळीचं दार, कवटीची लाल पाटी.)

आणि हे गल्लीच्या तोंडावरचं सबस्टेशन. जाळीला कुणीतरी स्कूटर टेकवलेली. भिंतीवर दहावीच्या क्लासची जाहिरात. आत रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, घुमतंय, जवळ गेलं की तो आवाज छातीत जाणवतो. 11,000 व्होल्टने आलेली वीज इथे 415 वर उतरते आणि घरात सॉकेटपाशी 230 होऊन पोचते. रोज हजारो माणसं रोहित्राच्या या पेटीजवळून जातात, मान वळवत नाहीत. मुंबईला आपली वीज आपल्या गच्चीवर करायची असेल, तर तिचं भवितव्य या लोखंडी पेटीपाशी ठरणार आहे. ही पेटी अशी का घडली, ते कळायला घाट चढावा लागेल.

(खंडाळ्याचा घाट, पाऊस. डोंगरउतारावरून खोपोलीकडे जाणारे जाड नळ.)

पुण्याची गाडी घाट उतरताना पावसाळ्यात सगळे धबधब्याकडे बघतात. आम्ही कॅमेरा या नळांवर ठेवला. 1911 च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवता असे तीन तलाव बांधले गेले. सह्याद्रीच्या माथ्यावरचं जे पाणी पूर्वेला वाहत थेट बंगालच्या उपसागरापर्यंत गेलं असतं, ते अडवलं, पश्चिमेला वळवलं आणि पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खोपोलीत सोडलं. तिथल्या चक्रांवर त्याचा मारा बसला आणि 1915 मध्ये वीज तारांवरून परळला पोचली. वाफेवर चाललेल्या गिरण्या विजेवर फिरू लागल्या. काम झालेलं पाणी पाताळगंगेत गेलं, आजही जातं.

(भिवपुरी. भिरा. नदीत राफ्टिंग करणारी मुलं.)

1922 मध्ये भिवपुरीचं जलविद्युत केंद्र. 1927 मध्ये भिऱ्याचं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगची मजा चालते ती भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्यावर. एका बाजूला विजेचं केंद्र, दुसऱ्या बाजूला ही आरडाओरड, मध्ये तेच पाणी.

(मुळशीचा जलाशय. पाणी शांत.)

भिऱ्याची चक्रं फिरवणाऱ्या या पाण्याखाली मावळातली शेतं आहेत. 1921 पासून इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण झालंच.

(मुंबईवर येणारे उच्चदाबाचे मनोरे, खाडी, कांदळवन.)

शंभर वर्षांपूर्वीची ही रचना झाडासारखी होती. बुंध्याशी जाड, शेंड्याला बारीक. वीज डोंगरातून निघायची, शहरात शिरायची, वाटेत फाटे फुटायचे, आणि शेवटच्या घराकडे जाणारी तार सगळ्यांत बारीक. पुढे चेंबूरजवळ खाडीकाठी ट्रॉम्बेचं केंद्र आलं, 1990 च्या दशकात डहाणूचं 500 मेगावॉटचं आलं, बाहेरून मोठ्या वाहिन्या आल्या. वाटणारे हातही वेगवेगळे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडला महावितरण. पण दिशा तीच राहिली, मोठ्याकडून छोट्याकडे. शेंड्याकडून बुंध्याकडे कधी काही येईल, हा हिशेबच कुणी धरला नव्हता.

(मोबाइलवरचं जुनं चित्रण. रुळांवर उभी लोकल, उतरून चालणारी माणसं.)

12 ऑक्टोबर 2020, सोमवार, सकाळी दहाची वेळ. कळव्याकडच्या वाहिन्या पडल्या आणि बघता बघता मुंबईची लाइट गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी शहराला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून आतल्या केंद्रांवर चालू ठेवायची सोय मुंबईत अनेक वर्षांपासून आहे, तिला आयलंडिंग म्हणतात. त्या दिवशी ती टिकली नाही. काही भागांत वीज यायला संध्याकाळ झाली.

(इन्व्हर्टरची पेटी. लाल दिवा.)

त्या दिवशी शहरातल्या गच्च्यांवर पॅनेल होतीच. सकाळचे दहा, म्हणजे त्यांच्या कामाची वेळ. तरीही साध्या नेट मीटरवर जोडलेला एकही संच वीज देऊ शकला नाही. पॅनेलची वीज घरात आणणारा इन्व्हर्टर बाहेरच्या तारेवरचे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ सतत तपासत असतो. तारेतला ठोका थांबला, की क्षणात स्वतःला तोडून घेतो. हे योग्यच आहे. रस्त्यावर खड्डा खणून केबल जोडणारा कामगार तार मेली आहे असं समजून तिला हात लावतो, आणि वरून कुणाच्या गच्चीतली वीज आली तर त्याचा जीव जाईल.

(रात्र. रस्त्यावर खड्डा, दोन कामगार, हातमोजे, केबलचं टोक सोललेलं.)

हे पाहा, हे ते हात.

म्हणजे कामगार सुरक्षित राहायला हवा, आणि डोक्यावर ऊन असताना इमारत अंधारातही राहायला नको. दोन्ही जमतं. बॅटरीसह बसवलेला इन्व्हर्टर इमारतीला बाहेरच्या तारेपासून आधी पूर्ण तोडतो आणि मग आतल्या आत ठोका स्वतः धरतो. लिफ्ट, पंप, कुणाच्या घरातलं प्राणवायूचं यंत्र, एवढं नक्की चालतं. सोसायट्यांनी पॅनेल घेताना हा प्रश्न विचारायला हवा. आम्ही ज्या गच्च्यांवर गेलो, तिथे बहुतेकांनी तो विचारलेला नव्हता.

(पुन्हा गल्लीतलं सबस्टेशन. दुपार.)

परत आपल्या पेटीपाशी. या एका रोहित्रावर पाच-सहा इमारती आहेत. त्यांपैकी एकीने वर पॅनेल टाकली तर पेटीला कळणारही नाही. सगळ्यांनी टाकली तर? रविवारी दुपारी वीज खालून वर चढू लागेल. तारेच्या टोकाला व्होल्टेज वाढेल, एका मर्यादेपुढे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतील आणि पिकलेलं ऊन वाया जाईल. म्हणून नियमांत मर्यादा घातली आहे. 2015 मध्ये एका रोहित्राच्या क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंतच गच्चीवरची वीज जोडता यायची. 2019 मध्ये ती 70 टक्के झाली, आणि अभ्यास करून त्याच्याही पुढे जायची मुभा मिळाली. अभ्यास करायचा तर पेटीच्या आत काय चाललंय ते आधी दिसलं पाहिजे.

(नियंत्रण कक्ष. भिंतभर पडदा, हिरव्या-लाल रेषा.)

नियंत्रण कक्षातून मोठ्या वाहिन्या आणि मोठी केंद्रं दिसतात. बिघाड झाला तर इथे बसून स्विच फिरवता येतो. गल्लीतल्या शेवटच्या तारेचं मात्र अजून बहुतेक ठिकाणी तसं नाही. आपण फोन करून सांगतो, तेव्हा तिथली लाइट गेल्याचं कळतं. रोहित्रावर संवेदक बसवले, व्होल्टेजप्रमाणे आपोआप जुळवून घेणारी रोहित्रं आणली, दर अर्ध्या तासाची नोंद ठेवणाऱ्या मीटरांचा उपयोग बिलापुरता न ठेवता तारेची तब्येत बघायला केला, तर हीच जुनी गल्ली किती तरी जास्त ऊन पचवेल. स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात शंका आहेत. त्यांची उत्तरं द्यायलाच हवीत, आणि ती मीटर लावायच्या आधी.

आयोगाने 2019 मध्ये मर्यादा वाढवली, नियम बदलले. कामाची सवय बदलायला जास्त वेळ लागतो. माझ्या स्वतःच्या सोसायटीत पॅनेल बसून तयार होती आणि नेट मीटरसाठी आम्ही अडीच महिने थांबलो. आधी अर्जात सहीचा घोळ, मग मीटर शिल्लक नाही, मग तपासणीला माणूस नाही. उन्हाळा तसाच गेला. त्या काळात जेवढी वीज हवेत गेली, ती सोसायटीची तर होतीच, पण या शहराचीही होती.

(सूर्यास्त. खिडक्यांमागून उजळणाऱ्या इमारती.)

आता दुसरी बाजू. सात वाजले की गच्ची झोपते आणि घरं जागी होतात. उन्हाळ्यात मुंबईची मागणी 4,000 मेगावॉटच्या पुढे जाते, आणि रात्री एसी सुरू झाल्यावर ती लवकर उतरत नाही. म्हणून दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची सोय हवी. एक सोय आपल्याकडे आधीपासून आहे. भिऱ्याला 150 मेगावॉटचा एक संच उलटाही फिरतो. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवतो, लागेल तेव्हा खाली सोडतो. आता शिरवता आणि भिवपुरीला याच जातीचे, मिळून 2,800 मेगावॉटचे प्रकल्प ठरले आहेत. दुपारचं ऊन पाण्याच्या रूपात डोंगरावर साठवायचं, अशी ही कल्पना.

दुसरी सोय दराची. केंद्राच्या 2023 च्या नियमांत उन्हाच्या तासांत दर कमी आणि संध्याकाळी जास्त असावा, असं आलं. पाण्याची टाकी संध्याकाळी सातला भरायची की दुपारी दोनला, एवढा एक टायमर फिरवला तरी फरक पडतो. चेंबूरच्या या सोसायटीने तो फिरवलाय.

(चाळ. सामाईक गॅलरी, उतरतं कौलारू छप्पर. कपडे वाळत.)

ज्यांना स्वतःची गच्ची नाही, त्यांचं काय? सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी केंद्राच्या सूर्यघर या गच्चीवरच्या पॅनेलसाठीच्या अनुदान योजनेत किलोवॉटला 18,000 रुपये मिळतात. दिल्लीच्या नियामक आयोगाने 2019 मध्ये एका ठिकाणच्या पॅनेलची वीज अनेक घरांच्या बिलांत वाटून घ्यायची वाट मोकळी केली. चाळींच्या आणि उंच इमारतींच्या सावलीत राहणाऱ्यांच्या शहराला या वाटेची गरज सगळ्यांत जास्त. मोठे ग्राहक गच्चीवर गेले की तारांचा खर्च उरलेल्यांवर पडतो, तोही हिशेब आयोगाला बसवावा लागेल.

(चेंबूर. मीटर रूम, संध्याकाळ. वर गच्चीवर वायपर भिंतीला टेकलेला.)

पावणेसात. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लुकलुकतो आणि विझतो. मीटरवर "बाहेर गेलेली" हा आकडा थांबतो, "आत आलेली" सरकू लागतो. कुणीतरी लिफ्ट बोलावली आहे. गल्लीच्या तोंडाशी रोहित्राचा आवाज थोडा चढतो. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे आणि नोटीस बोर्डावर विषय क्रमांक तीन लिहिलाय. बॅटरी घ्यायची की नाही. खजिनदार काका त्याखाली पेनने कोटेशनची रक्कम लिहितायत.